कळ कुणी दाबली?

मित्रांनो, तिथंच थांबा. फार जवळ येऊ नका, बॅटरी जोडलेली आहे. मित्रांनो म्हणालो खरा, पण ते आपलं रीत म्हणून. खरी मैत्री करायची की नाही ते गोष्ट संपल्यावर बघू.

मी एक जुना धडाम्या आहे. धडाम्या म्हणजे काय, असं तोंड करू नका. रिमोटवर चालणारे छोटे रणगाडे असतात ना, मांजराएवढे, अगदी खऱ्यासारखे? त्यांच्या पोटात बसून तोफ उडाल्याचा देखावा करायचा, हे माझं काम. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर मूठभर भाग आणि चार-पाच तारा, एवढाच माझा संसार. पण रिमोटची कळ दाबली की मी एका दमात चार कामं करतो. तोफेच्या तोंडाशी लख्ख उजेड पाडतो. स्पीकरमधून धडाम करतो. तोफेची नळी सटकन आत ओढतो. आणि चाकांच्या मोटारींना उलटा झटका देऊन अख्खा रणगाडा वीतभर मागे ढकलतो. गोळा मात्र नाही हं. गोळा कधीच नव्हता. आयुष्यभर मी नुसता आव आणला, आणि तरी एका भल्या माणसाचं नाव माझ्यामुळे बद्दू झालं. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका लिफ्टवाल्याच्या स्वयंपाकघरात झाला. हा लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. एकटा राहायचा. माणूस चांगला, पण संशयी. इतका संशयी, की स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टने तो कधी वर गेला नाही, पाचव्या मजल्यावर घर असून जिने चढायचा. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचा, दोन मजले उतरायचा, परत वर येऊन ओढून बघायचा. दूध नासलंय का ते आधी स्वतः हुंगायचा, मग शेजारणीला हुंगायला द्यायचा, मग शेजारणीचं नाक शाबूत आहे का म्हणून तिच्यासमोर कांदा धरायचा. शेजारणीने शेवटी दारच उघडायचं बंद केलं.

त्याचे एकुलते एक मित्र म्हणजे दाजी, म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. धंद्याने टेलर. पन्नाशी उलटली तरी खोड्या पाचवीतल्या. एकदा एका सभेत लोकांनी कोट काढून खुर्च्यांवर टाकले, तर दाजींनी भाषण संपेपर्यंत सगळ्यांचे खिसे शिवून टाकले. घरी निघताना दहा-बारा मोठी माणसं आपल्याच खिशाशी झटापट करतायत, आणि दाजी उभे राहून वाकून नमस्कार करतायत. "मीच केलं. टाके आवडले का?" हे त्यांचं ठरलेलं. खोडी केली की लगेच छाती पुढे काढून सांगायची. ही गोष्ट ध्यानात ठेवा मित्रांनो, कारण त्या वेळी ती कुणाच्याच ध्यानात राहिली नाही.

मला घडवलं दोघांनी मिळून. उजेडाचा दिवा जुन्या कॅमेऱ्यातून काढला. स्पीकर एका निवृत्त लिफ्टमधला. बिचारा पंधरा वर्षं 'दार बंद होत आहे' एवढंच बोलत होता, त्याला एकदम तोफेची नोकरी लागली. आणि धडाम? ते दाजींचं. न्हाणीघरात पत्र्याचं रिकामं पिंप आडवं ठेवून दाजींनी त्यावर कापड बेतायची लाकडी पट्टी हाणली. दहा वेळा जमलं नाही. अकराव्यांदा असा दणका बसला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. तोच आवाज माझ्या घशात भरला. तेव्हा माझ्या प्रत्येक धडाममध्ये दाजींचा हात होता, एवढं मात्र खरं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. तुम्हाला सांगतोय, त्यांना सांगता आलं नाही.

लिफ्टच्या सगळ्या दारांतून एक तार फिरते. तिच्यातून वीज वाहतेय म्हणजे सगळी दारं बंद, चालू दे लिफ्ट. वीज कुठेही तुटली की लिफ्ट जागच्या जागी थांबते. तार झिजू दे, उंदराने कुरतडू दे, लिफ्ट थांबणार आणि आतला माणूस सुखरूप राहणार. वीज तुटली की काम करायचं, ही पंचवीस वर्षांची सवय लिफ्टवाल्याच्या बोटांत मुरलेली. माझी कळ जोडताना डोकं तोफेचा विचार करत होतं आणि बोटं लिफ्टचा. त्याने मला तशीच शिकवण दिली. तारेतून वीज वाहते तोवर गप्प बस. रिमोटची कळ दाबली की वीज क्षणभर तुटेल. तुटली की उडव!

लिफ्टमध्ये जे शहाणपण, ते तोफेत वेडेपण. तार नुसती निसटली तरी मी उडणार.

त्यात तार पडली आखूड. मी रणगाड्याच्या पोटात, आणि रिमोटचं ऐकणारा भाग वर, तोफेच्या फिरत्या डोक्यात. मधे ती तार. दाजी म्हणाले होते, "अरे, थोडी ढील ठेव. बाही बेतताना आम्ही ठेवतो तशी. माणूस हात वर करतो, वळतो."

"हा माणूस नाहीये, दाजी. मापात कापणार मी."

"डोकं वळतं ना त्याचं?"

"तुमच्या टेपावर माझा विश्वास नाही. मागच्या वेळी तुम्ही टेपाचे पहिले दोन इंच कापून ठेवले होते."

"ती गंमत होती!"

"हीसुद्धा असेल." आणि डोकं समोर असताना मोजून, केसभरही जास्त न ठेवता, त्याने तार कापली. मग काय, डोकं पार डावीकडे गेलं की तार ताणायची, टोक क्षणभर सुटायचं, आणि मी इमानदारीत धडाम.

पहिल्यांदा झालं तेव्हा लिफ्टवाला टेबलावरच्या रणगाड्याचं डोकं रिमोटने फिरवून बघत होता आणि दुसऱ्या हाताने चहा पीत होता. चहा शर्टवर गेला. दाजी समोरच्या खुर्चीत. लिफ्टवाल्याला वाटलं, यांनी चोरून दुसरा रिमोट बनवलाय.

"दाजी, ठेवा ते."

"काय ठेवू? कप आहे."

"दुसऱ्या हातातलं."

"दुसऱ्या हातात बिस्कीट आहे रे बाबा. खाऊ का जमा करू?"

दुसऱ्यांदा झालं तेव्हा दाजी खिडकीत उभे होते. तिसऱ्यांदा न्हाणीघरात. लिफ्टवाल्याने एक वही काढली आणि नोंदी सुरू केल्या. वार, वेळ, दाजी कुठे, दाजींचे हात कुठे, चेहरा कसा. पाच वेळा धडाम, पाचही वेळा दाजी हजर! त्याने खाली लाल रेघ मारली. आता मित्रांनो, दाजी रविवारी यायचे आणि दाजी आले की रणगाडा कपाटातून बाहेर निघायचा. मग नोंदीत दुसरं कोण असणार? कपाटसुद्धा पाचही वेळा हजर होतं. पण कपाटाने कधी कुणाचे खिसे शिवले नव्हते.

मी आतून बघत होतो. ओरडून सांगावंसं वाटायचं की बाबा, माझी तार बघ. पण मला एकच शब्द येतो, आणि तो उच्चारला की दाजींवर अजून एक नोंद पडायची.

एका लॉन्ड्रीच्या मागच्या मोठ्या खोलीत लिफ्टवाला, दाजी आणि अशाच रणगाडेवेड्या मंडळींचा क्लब भरायचा. गरम इस्त्रीचा वास, भिंतीला टेकवलेली टेबलं, त्यांवर वाळूचे डोंगर आणि मोज्यांत भुसा भरून केलेली वाळूची पोती. अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या, सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. आवाज न चढवता 'अजून मोठा आ' म्हणायची सवय, त्यामुळे सभेतही कुणाची उलट बोलायची टाप नव्हती. आणि एक होता बेकरीवाला, काडीसारखा बारीक, म्हणून त्याचं नाव पावकिलो. या पावकिलोने दोन वर्षं खपून आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधला होता. चार हजार काड्या. पहाटे पाव भाजून झाले की बसायचा, दिवसाला पाच-सहा काड्या चिकटवायचा. पुलाला कमानी, कठडे, दिव्याचे खांबसुद्धा.

पूल पुरा झाला तेव्हा ठरलं की पाहुणे बोलवायचे आणि पहिला रणगाडा आपलाच न्यायचा. पुलाच्या मधोमध थांबायचं, डोकं वळवून डॉक्टरीणबाईंना सलामी द्यायची आणि पुढे जायचं. तोफ उडवायची नाही. पावकिलोने तीनदा बजावलं. "नुसती सलामी हं. बार नको. पूल सुकलाय, पण माझं काळीज अजून ओलं आहे."

रिमोट लिफ्टवाल्याच्या हातात. डॉक्टरीणबाई बसल्या होत्या डावीकडे.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. डोकं डावीकडे वळलं, तार ताणली, आणि मी उडालो. लख्ख, धडाम, सटकन, आणि मागे झटका. रणगाडा कठडा मोडून कमानीवर आदळला. एक खांब गेला, मग दुसरा, आणि मग पूल असा बसला जसं कुणी उभ्या उभ्या चक्कर येऊन बसावं.

खोलीत चिडीचूप. पावकिलो गुडघ्यांवर बसून काड्या गोळा करायला लागला, एकेक, जपून, जणू सगळ्या परत मिळाल्या की पूल आपोआप उभा राहणार होता.

आणि त्या शांततेत एक हसू फुटलं. दाजींचं.

ते मजेचं हसू नव्हतं हो. काही माणसांना घाबरलं की घाम फुटतो, दाजींना हसू फुटतं. पण त्यांचा एक हात खिशात होता, आणि सगळ्या खोलीने तो पाहिला.

"दाजी," लिफ्टवाला म्हणाला, "हात बाहेर काढा. हळू."

खिशातून निघाली एक साबणदाणी. प्लॅस्टिकची, बंद, आणि तिच्या झाकणाला कोटाचं मोठं लाल बटण शिवलेलं.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाई.

"साबणदाणी."

"बटण लावलेली?"

"गंमत होती हो. परत जाताना याला दाखवणार होतो. म्हणणार होतो, बघ, तुझा रणगाडा माझ्या मुठीत आहे. रात्रभर झोपला नसता. आत काही नाहीये, उघडा ना."

लिफ्टवाल्याने उघडली. आत खरंच काही नव्हतं. त्याने ती उलटी केली, उजेडाकडे धरली, हुंगली.

"रिकामी आहे," तो म्हणाला. "म्हणजे आतलं काढून टाकलंय."

"अरे, आत काही निघालं असतं तर सापडलो असतो, आणि काही नाही निघालं म्हणूनही सापडलो! मी करू काय?"

"कबूल करा."

"केलं असतं तर तू विचारायच्या आधी सांगितलं असतं!"

कुणी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. दाजींनी गुन्हा कबूल करून पावकिलोची माफी मागावी, तोवर क्लबात पाऊल टाकू नये. पावकिलोने मान वर केली नाही. दाजींनी त्याच्याजवळ पडलेली एक काडी उचलून त्याच्या ढिगात ठेवली, तर पावकिलोने ती काढून बाजूला ठेवली.

त्या दुपारी लिफ्टवाल्याच्या स्वयंपाकघरात ताई दाजींना घेऊन आली. ताई बसमध्ये कंडक्टर. तिकीट न काढता बसलेला माणूस पाठमोरा ओळखायची. तिने भावाचं ऐकलं, वही पाहिली, लाल रेघ पाहिली, आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, कबूल करा आणि मोकळे व्हा. पावकिलो चांगला माणूस आहे, माफ करेल."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. "तुलाही वाटतं, मी केलं?"

ताईने वही मिटून ठेवली.

"तीस वर्षं झाली आपल्याला. तुझ्या शिट्टीत मी चिंचोका घातला, सांगितलं की नाही? तुझ्या काकांची टोपी लहान करत नेली महिनाभर, सांगितलं की नाही? जे केलं ते मिरवलं मी. आता जे केलं नाही ते केलं म्हणू? ते मात्र खोटं होईल."

ते उठून गेले. ताई लगेच मागे गेली नाही. ओट्याशी उभी राहून धुतलेलेच कप परत धूत राहिली.

माझी रवानगी बुटांच्या खोक्यात झाली. मित्रांनो, दीड महिना मी अंधारात काढला. रविवार यायचे आणि जायचे, दाजींचा आवाज नाही. लिफ्टवाला एकटाच चहा करायचा, सवयीने दोन कप काढायचा, एक परत ठेवायचा. अधूनमधून मला बाहेर काढून भिंगातून तपासायचा. काय शोधत होता माहितीये? दाजींनी माझ्यात लपवलेला चोरटा भाग! एकेका तुकड्याला चिमट्याने हलवून विचारायचा, "तू इथं कधी आलास रे?" अरे, तूच आणलंस सगळ्यांना! सगळ्या जगावर संशय घेऊन झाला, फक्त आपल्या हाताने जोडलेल्या तारेवर त्याची नजर ठरत नव्हती. तिथं तो डोळे झाकून पुढे जायचा.

मग एक सुट्टीची दुपार आली. त्याने मला परत रणगाड्यात बसवलं. चोरटा भाग सापडत नाही तर तो पकडायचाच, असा बेत. दाराला कडी लावली, कडी ओढून पाहिली. खिडकी लावली. रिमोटमधले सेल काढून फ्रिजमध्ये ठेवले, फ्रिज ओढून पाहिला. मग बॅटरी जोडली आणि खुर्ची घेऊन समोर बसला, हाताची घडी घालून. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी गप्प. तारेतून वीज वाहतेय, मी कशाला बोलू?

शेवटी त्याला डोक्यावर धूळ दिसली. फडकं घेऊन पुसायला लागला. पुसता पुसता डोकं वळलं, डावीकडे.

धडाम!

लिफ्टवाला टेबलाखाली. तिथं कुणी नव्हतं म्हणून खिडकीत. खाली रस्ता बघितला, समोरची गच्ची बघितली. मग फोन लावला.

"ताई, दाजी कुठे आहेत?"

"इथंच आहेत दुकानात. काजं करतायत. मी डबा घेऊन आलेय. का रे?"

"त्यांच्या हातात काय आहे?"

"सुई."

"दुसऱ्या हातात?"

"शर्ट. तुला काय झालंय?"

"त्यांच्यावरून नजर हलवू नकोस." एका हातात फोन धरून त्याने दुसऱ्या हाताने डोकं समोर आणलं आणि परत डावीकडे ढकललं. धडाम!

पलीकडे डब्याचं झाकण खणकन पडलं.

"आता काय आहे हातात?"

"सुईच," ताई हळूच म्हणाली. "अरे, सुईच आहे."

त्याने फोन ठेवला. झाकण उघडलं. डोकं वळवलं, आणि तार ताणताना, टोक सुटताना, पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं. मग बोटाने तारेचा माग काढत काढत माझ्यापर्यंत आला. मी बघत होतो. त्याचा चेहरा असा झाला जसा भर बाजारात लोक आपल्याकडे का बघतायत ते उशिरा कळलेल्या माणसाचा होतो.

"वीज तुटली की..." तो पुटपुटला. "अरे देवा. लिफ्ट जोडली मी."

आता ऐका. तारा डाखायची सोल्डरिंग गन त्याच्या हाताशी होती. ती त्याने तापवली. दहा मिनिटांचं काम. तार बदलायची, जोडणी सुधारायची आणि 'बॅटरीच खराब होती' म्हणून सांगायचं. कोण विचारणार होतं? मला पक्का संशय आला की हा आता मला दुरुस्त करणार आणि गप्प बसणार. गन माझ्याजवळ आलीसुद्धा. तिची धग मला लागली.

त्याने ती बाजूला ठेवली आणि बटण बंद केलं. आणि चूक जशीच्या तशी पोटात ठेवून, मला रणगाड्यासकट काखेत मारून, दाजींच्या दुकानात गेला.

दाजींनी मशीन थांबवलं नाही. लिफ्टवाल्याने सगळं सांगितलं. तार, लिफ्ट, फ्रिजमधले सेल, सगळं. "माझं चुकलं, दाजी. पहिल्यापासून माझंच चुकलं."

दाजींनी मान वर केली. "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही."

"बाहेर उभे आहेत का सगळे? मी 'बरं झालं बाबा' म्हणणार, आणि तुम्ही आत येऊन हसणार?" ते उठले, दार उघडून रस्त्यात दोन्हीकडे पाहून आले. मग रणगाडा उचलून खाली काही चिकटवलंय का ते बघितलं.

"अहो," ताई म्हणाली, "मी फोनवर ऐकलं. तुमच्या हातात सुई होती. मीसुद्धा तुमच्यावर विश्वास ठेवला नाही."

"तुला काय सांगून ठेवलंय याने?"

मित्रांनो, मला सगळ्यात लागलं ते हे. लिफ्टवाल्याने संशय घ्यावा यात नवल नाही, तो मुळात तसाच. पण दाजी? ज्यांनी जन्मात कुणावर संशय घेतला नाही, ते आता माफीचाही खालचा भाग उलटा करून बघत होते. हा दोष माझ्या तारेतला. तो दीड महिन्यात त्यांच्यात उतरला होता.

"मला इथं सांगून काय उपयोग," दाजी शेवटी म्हणाले. "तिथं सांग, जिथं माझे खिसे उलटे केले. आणि मी येणार नाही ऐकायला. आलो तर म्हणतील, यानेच पढवलंय."

रविवारी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत लिफ्टवाल्याने मला टेबलावर ठेवलं आणि उभा राहून सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि एकमेकांकडे बघितलं.

"दाजींनी शिकवून पाठवलंय तुला," मागून एक जण म्हणाला.

लिफ्टवाला रडकुंडीला आला. "पावकिलो, तू ये. तू स्वतः डोकं फिरव. रिमोट हा घे, सेल काढलेले आहेत."

पावकिलो आला. दोन बोटांनी डोकं डावीकडे ढकललं. धडाम! त्याने परत समोर आणलं, परत ढकललं. धडाम! उजवीकडे फिरवलं, मी गप्प. डावीकडे, धडाम! पाच वेळा केलं. मग त्याने हात मागे घेतला आणि खिशात घालायला गेला, पण घातला नाही.

"मी त्यांची काडी परत केली," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "तोंड उघडून न बघताच दात उपटला आपण," त्या म्हणाल्या.

दाजींकडे कोण जाणार यावर बराच वेळ खल झाला. शेवटी पावकिलो एकटाच गेला. माफी वगैरे काही बोलला नाही म्हणे. काड्यांची पिशवी कटिंगच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "कमानी परत बांधतोय. हाताला कसब असलेला माणूस हवाय."

दाजी आले. चार महिने दर रविवारी आले. लिफ्टवाला डिंक लावायचा, दाजी काडी बसवायचे, पावकिलो दाबून धरायचा. मला लिफ्टवाल्याने सगळ्यांसमोर नव्याने जोडलं. आता वीज आली तर धडाम, तुटली तर गप्प. तारसुद्धा वीतभर लांब घातली. सगळं ठीक झालं, म्हणायला. पण दाजींचे दोन्ही हात कायम टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे. काडी घ्यायला पिशवीत हात घालायचा तरी आधी म्हणायचे, "पिशवीत हात घालतोय हं." कुणी उठून पाणी प्यायला गेलं तर परत आल्यावर त्याची खुर्ची जिथल्या तिथं. मंडळी आपापल्या खुर्च्या तपासून बघायची आणि हिरमुसून बसायची.

पूल परत उभा राहिला. तेच पाहुणे, डॉक्टरीणबाई त्याच डावीकडच्या खुर्चीत. रणगाडा पुलाच्या तोंडाशी ठेवला. लिफ्टवाल्याने रिमोट हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि दाजींसमोर केला.

"तुम्ही चालवा."

दाजींनी रिमोट घेतला नाही. "काय केलंयस त्यात?"

"काही नाही."

"कळ बंद केलीयेस?"

"चालू आहे. दाबली तर उडेल. पुलावरसुद्धा उडेल."

"आणि तू तपासणार नाहीस? मागे उभा राहणार नाहीस?"

"मी तिकडे बसतो," लिफ्टवाला म्हणाला, आणि खरंच जाऊन पाठ करून बसला. त्याचे कान लाल झाले होते, पण वळला नाही.

दाजींनी रिमोट घेतला. पावकिलोने कोपऱ्यात जाऊन भिंत धरली. रणगाडा पुलावर चढला. काड्या कुरकुरल्या. मधोमध आल्यावर दाजींनी थांबवला आणि डोकं वळवायला सुरुवात केली. डावीकडे. अजून डावीकडे. पार डावीकडे. सलामी झाली. मी गप्प. सगळ्या खोलीने श्वास सोडला.

आणि दाजींचा अंगठा कळेवर आला.

मी आतून पूर्ण भरलेलो, दिवा तयार, मोटार तयार. नुसता स्पर्श झाला असता तरी पुरे होतं. दाजींनी पावकिलोकडे पाहिलं, आणि एक भुवई वर केली. एवढीशी.

"दाजी!" पावकिलो किंचाळला. "पाया पडतो तुमच्या!"

दाजी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, सहा महिन्यांचं साठलेलं एकदम हसले. आधी ताई हसली, मग डॉक्टरीणबाई, मग भिंत सोडून पावकिलो. लिफ्टवाला तेवढा पाठ करून बसलेला. "काय झालं? काय केलं त्यांनी? अरे, कुणीतरी सांगा!" अंगठा कळेवरून निघाला, रणगाडा सावकाश पुढे गेला, पूल उतरला, आणि पलीकडच्या वाळूवर थांबला.

"आता उडवू का?" दाजींनी पावकिलोला विचारलं.

"आता उडवा," पावकिलो म्हणाला.

आणि मित्रांनो, तसा धडाम मी पुन्हा कधी केला नाही. कळ कुणी दाबली, हे सगळ्या खोलीला माहीत होतं.

आता मी म्हातारा झालोय. दिव्याचा उजेड पिवळा पडलाय, आवाजही थोडा बसलाय. काम झालं की माझी बॅटरी काढून ठेवत जा, धूळ पुसत जा, एवढीच माझी मागणी. आणि एक. नको तिथं, नको तेव्हा धडाम झालं की नजर आपोआप खोड्या करणाऱ्याकडे जाते. जाऊ दे, नजरेला कोण अडवणार? पण त्याच्या खिशात हात घालायच्या आधी झाकण उघडा, आणि आपण स्वतः जोडलेली तार एकदा ओढून बघा. माझ्यावर विश्वास नसेल तर उत्तमच. मलाच आधी तपासा.